कॅसेट टाकू नका, राव!

परवा एका मित्राचा फोन आला. आईबाबांच्या लग्नाची, १९८९ सालची व्हीएचएस कॅसेट त्याने एका दुकानात डिजिटल करायला दिली होती. दुकानदाराने पेन ड्राइव्ह हातात ठेवला, "फुल एचडी करून दिलंय साहेब, थर्टी एफपीएस, एकदम स्मूथ" असं सांगितलं आणि वर विचारलं, "कॅसेट परत हवीये की इथेच टाकून देऊ?" मित्राचा प्रश्न एवढाच होता, की टाकली तर चालेल ना? घरात व्हीसीआर नाही, कपाटात जागा नाही, आणि आता एचडी तर मिळालंय.

मी फोनवर अक्षरशः ओरडलो. इतका, की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

या विषयात मी शहाणा आहे म्हणून ओरडलो नाही. हाच गाढवपणा मी २००४ साली स्वतः, स्वतःच्या हाताने, इंजिनिअरिंगची पदवी खिशात असताना केलेला आहे. त्या दुकानदाराला निदान कोणी शिकवलं नव्हतं असं म्हणता येईल. मला ती सोय नाही.

झालं होतं असं. १९९५ साली आमच्या आजोबांची (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो) पंच्याहत्तरी सांगलीच्या घरी झाली. चुलतभावाने कॅमेरा आणला होता. अण्णा पेटी वाजवायचे आणि बरं गायचे. त्या दिवशी जेवणं झाल्यावर आग्रह झाला आणि ते जवळजवळ तासभर गायले. ६२ मिनिटांची कॅसेट. अण्णा १९९८ मधे गेले. त्यांचं दुसरं कुठलंही चित्रण नाही.

२००४ मधे न्यू जर्सीच्या आत्याने विचारलं, "ती कॅसेट मला बघायला मिळेल का रे?" तिचा टीव्ही एनटीएससी, आपली कॅसेट पॅल. मी म्हटलं त्यात काय, डीव्हीडी करून पाठवतो. शनिवार-रविवारचं काम. मित्राच्या हँडीकॅममधून कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, नेटवरची एक कृती शोधली, एव्हीसिंथमधे चार ओळी लिहिल्या, रात्रभर मशीन चालू ठेवलं आणि सकाळी डीव्हीडी तयार. मग ८० जीबीच्या हार्ड डिस्कवर जागा हवी म्हणून मूळ फाइल उडवली. आणि कॅसेट? पाकिस्तान दौरा चालू होता. कॅसेटची मोडलेली टिकली सेलोटेप लावून बुजवली आणि तिच्यावर मुलतानची मॅच रेकॉर्ड केली. "डीव्हीडी झालीये ना आता" असं आईला सांगितल्याचं मला स्वच्छ आठवतंय.

आत्याला डीव्हीडी पोचली. ती रडली, खूप आशीर्वाद दिले, आणि मग म्हणाली, "अण्णांचा आवाज जरा जड वाटतोय रे. तेव्हा सर्दी होती का त्यांना?" मी म्हटलं, "कॅमेऱ्याचा माईक साधा होता गं आत्या."

माईकचा काहीही संबंध नव्हता.

आता थोडी पार्श्वभूमी, त्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे आणि युरोपात ५० ची. टीव्हीची सुरुवातीची रचना विजेच्या या आकड्याला धरून झाली. त्यामुळे अमेरिकेत सेकंदाला ६० अर्धी चित्रं आणि ५२५ रेषा, तर आपल्याकडे सेकंदाला ५० अर्धी चित्रं आणि ६२५ रेषा. १९५३ मधे अमेरिकेने रंग आणले तेव्हा रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत मिसळून पडद्यावर नक्षी उमटू नये म्हणून वेग हजारात एक एवढा कमी केला. म्हणून तो विचित्र ५९.९४ (आणि पूर्ण चित्रं मोजली तर २९.९७) हा आकडा. तो आजही आपल्या मानगुटीवर बसलेला आहे. भारतात १९८२ मधे रंगीत टीव्ही आला तो पॅल. पुढे डीव्हीडी आली, तिने दोन्ही परंपरा तशाच उचलल्या. पॅल डीव्हीडीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. एनटीएससी डीव्हीडीत ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७.

"अर्धी चित्रं" हे शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण सगळी मेख तिथे आहे. व्हिडिओ कॅमेरा २५ पूर्ण चित्रं घेत नाही. तो आधी एक सोडून एक रेषांचं एक अर्धं चित्र घेतो आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या रेषांचं दुसरं अर्धं. यांना फील्ड म्हणतात. म्हणजे एका फ्रेममधे दोन वेगळे क्षण असतात. हलणारा हात असेल तर कॉम्प्युटरवर फ्रेम थांबवून बघा, हाताच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतील. लोकांना तो दोष वाटतो. तो दोष नाही, ती माहिती आहे! सेकंदाला ५० क्षण जपले गेलेत याचा तो पुरावा आहे.

सिनेमाचं तसं नाही. सिनेमाची रीळ सेकंदाला २४ पूर्ण चित्रांची. पॅलमधे ती सरळ २५ च्या वेगाने पळवतात, म्हणजे चारेक टक्के जलद. तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं लवकर संपतो आणि मुद्दाम दुरुस्त केलं नाही तर गाणी थोडी चढ्या सुरात ऐकू येतात. आपण पॅलवाल्या देशात वाढलो, टीव्हीवर कित्येक सिनेमे असे चढ्या पट्टीत ऐकले आणि कोणाला कळलंही नाही. एनटीएससीत वेगळी युक्ती. एक चित्र दोन फील्ड, पुढचं तीन फील्ड, पुन्हा दोन, पुन्हा तीन. त्यामुळे संथ पॅनमधे किंचित झटके दिसतात, पण प्रत्येक मूळ चित्र शाबूत राहतं.

सिनेमाच्या पॅल डीव्हीडीची एनटीएससी करायची असेल तर एक सोपी कृती आहे. २५ चा वेग २३.९७६ वर आणायचा, आवाजही तेवढाच संथ करायचा, आणि दोन-तीन-दोन-तीनची खूण फाइलमधे घालायची. सिनेमा मूळ वेगाच्या जवळ येतो, सूरही जवळपास जागेवर. सिनेमासाठी ही कृती उत्तम आहे.

मी ती अण्णांवर वापरली.

म्हणजे काय केलं? एक, दोन वेगळ्या क्षणांची अर्धी चित्रं एकमेकांत मिसळून एक चित्र बनवलं, कारण कृतीला "पूर्ण" चित्रं हवी होती. पन्नासाचे पंचवीस झाले. दोन, ५७६ रेषांच्या ४८० केल्या, म्हणजे उभ्या तपशिलाचा सहावा हिस्सा गेला. तीन, सगळं चार टक्के संथ केलं. ६२ मिनिटांचं गाणं पावणेपासष्ट मिनिटांच्या जवळ पोचलं. पण सिनेमा आधी पळवलेला असतो म्हणून त्याला संथ करतात. अण्णांना कोणी पळवलं नव्हतं! ते काळी दोनमधे गात होते. माझ्या कृपेने ते पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे, पांढरी दोनच्या जरा वर, म्हणजे जगातल्या कुठल्याही पेटीवर नसलेल्या पट्टीत गायला लागले. आत्याचा कान बरोबर होता. इंजिनिअर चुकला होता.

हे मला कळायला २०२० उजाडावं लागलं. टाळेबंदीत आतेबहिणीने ती डीव्हीडी लावून अण्णांच्या मागोमाग गायचा प्रयत्न केला. तानपुऱ्याचं अॅप कुठल्याच पट्टीत जुळेना. तिचा मला मेसेज, "अण्णा बेसूर कसे असतील?" तेव्हा मी बसून हिशेब केला आणि घाम फुटला.

आता कोणी म्हणेल, बाबा रे, ती कृती चुकीची होती, बरोबर पद्धतीने केलं असतंस तर झालं असतं. म्हणून बरोबर पद्धत काय ते पण बघू. तुमच्याकडे सेकंदाला ५० क्षण आहेत आणि समोरच्याला जवळजवळ ६० हवेत. पाच पोळ्या सहा जणांना वाढायच्या. तीनच मार्ग. पहिला, पाचवी पोळी दोनदा दाखवायची. मग चालणारा माणूस सेकंदातून दहा वेळा अडखळतो. दुसरा, शेजारच्या दोन क्षणांचं मिश्रण करून मधला क्षण बनवायचा. मग हलत्या हाताला भुतासारखी सावली येते. (माझ्या कपाटातल्या काही जुन्या सिनेमांच्या एनटीएससी डीव्हीडींत ही सावली आहे. बहुधा मास्टरच पॅल व्हिडिओ होता.) तिसरा, कुठली वस्तू कुठे सरकतेय ते गणिताने ओळखून मधला क्षण नवा रचायचा. टीव्ही कंपन्यांकडे यासाठी महागडी यंत्रं असायची, आज घरच्या कॉम्प्युटरवर बरंचसं जमतं. पण लक्षात घ्या, तो क्षण कॅमेऱ्याने पाहिलेलाच नसतो. तो अंदाज असतो.

तिन्हीत काहीतरी जातंच. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बघण्यासाठी रूपांतर करा, हवं तितकं करा, पण ते मूळ समजू नका आणि त्याच्या भरवशावर मूळ मारू नका. आत्याला एनटीएससी डीव्हीडी पाठवणं ही चूक नव्हती. तिच्या टीव्हीवर दुसरं काही चाललंच नसतं. चूक नंतरच्या पाच मिनिटांत झाली.

आणि ही चूक फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांची नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या जुन्या टेपा पुसल्या. टेप महाग होती आणि तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येत होतं (अगदी माझंच लॉजिक). 'डॉक्टर हू' मालिकेच्या काही रंगीत भागांची पॅल मूळ प्रत त्यात गेली. वाचल्या त्या फक्त उत्तर अमेरिकेला पाठवलेल्या एनटीएससी प्रती, वरच्या दुसऱ्या मार्गाने, मिश्रण करून बनवलेल्या. पुढे तंत्रज्ञांनी ते मिश्रण उलट सोडवण्याची पद्धत बसवली आणि २००५ मधे 'द क्लॉज ऑफ अॅक्सॉस'च्या डीव्हीडीसाठी ती वापरली. पुढच्या वर्षी 'इन्फर्नो'साठी. म्हणजे एक हुकलेला निर्णय निस्तरायला तीसेक वर्षं आणि जगातल्या एका मोठ्या प्रक्षेपण संस्थेची ताकद लागली.

ते सुटलं का, हे बघण्यासारखं आहे. त्यांच्या यंत्राने पाच फील्डची सहा मिश्रणं केली होती, ठरलेल्या प्रमाणात. ढोबळमानाने, पाच चलं आणि सहा समीकरणं. नववीच्या बीजगणितात बसतं. माझ्याकडे काय आहे? दोन फील्डचं एक मिश्रण. दोन चलं, एक समीकरण. हे जगातला कुठलाही इंजिनिअर सोडवू शकत नाही.

वेगाचं मात्र तसं नव्हतं. संथ केलेलं पुन्हा तेवढंच जलद करता येतं. ते मी २०२० मधे एका संध्याकाळी केलं. एफएफएमपेगची एक ओळ. अण्णा काळी दोनवर परत आले, आतेबहिणीचा तानपुरा जुळला. पण द्रुत तानांत पेटीवरची त्यांची बोटं अजूनही दोन-दोन दिसतात, एकावर एक धुरकट. ती तशीच राहणार. सूर परत आणता आला, बोटं नाही आणता आली.

आता आजचं बघू, कारण आज हे सगळं करायची गरजच उरलेली नाही. त्या काळी मजबुरी होती, आत्याचा टीव्ही पॅल घेतच नव्हता. आज कॉम्प्युटर, मोबाइल यांना सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांचं काहीही वावडं नाही. सांगलीची फाइल न्यू जर्सीच्या लॅपटॉपवर जशीच्या तशी चालते. तरी दुकानं ३० एफपीएस का करतात? कारण सॉफ्टवेअरमधे पहिला पर्याय तो असतो. बस्स. कोणाच्या तरी डीफॉल्टमुळे आपल्या घरातल्या माणसांचा प्रत्येक हात सेकंदाला पाच वेळा अडखळतो, आणि वर आपण त्याचे पैसे मोजतो.

यावरची उत्तरं मला पाठ आहेत.

"कोणाला कळतंय?" आत्याला कळलं होतं. तिला फ्रेम रेट म्हणजे काय माहीत नव्हतं, पण बापाचा आवाज माहीत होता. लोकांना कारण सांगता येत नाही याचा अर्थ त्यांना कळत नाही असा नसतो. आपल्या धंद्यात तर हे रोज सिद्ध होतं. यूजर म्हणतो "काहीतरी विचित्र वाटतंय", आपण म्हणतो "माझ्या मशीनवर तर चालतंय".

"जागा किती खाते!" डीव्ही स्वरूपात तासाला साधारण १३ जीबी. सगळ्या खानदानाची लग्नं-मुंजी मिळून वीस तास झाले तरी २६० जीबी. आपण मोबाइलमधे जेवणाच्या ताटांचे फोटो यापेक्षा जास्त साठवून ठेवतो.

"एआय करेल की सगळं नीट." करेल, दिसायला छान करेल. धुरकट दोन बोटांच्या जागी एक टोकदार, स्वच्छ बोट आणून बसवेल. पण ते अण्णांचं बोट त्या क्षणी तिथे होतं का? यंत्राला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि ज्या टेपेला माहीत होतं तिच्यावर सेहवाग बॅटिंग करतोय. उलट एआयचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. पुढची साधनं आजच्यापेक्षा चांगली येणार असतील तर त्यांना द्यायला कच्चा माल शाबूत हवा, आधीच चावून ठेवलेला नको.

"फुल एचडी दिलंय ना?" व्हीएचएसमधे एचडी नसतं हो. ५७६ रेषांच्या १०८० केल्या म्हणजे तपशील वाढत नाही, चहात पाणी वाढतं. त्यातही फील्ड वेगळी न करता ताणलं असेल तर दोन क्षणांचे कंगव्याचे दाते एकमेकांत वितळून जातात आणि मग ते कोणालाच सुटे करता येत नाहीत. मित्राच्या पेन ड्राइव्हवर नेमकं हेच होतं. सप्तपदीत प्रत्येक पाऊल दोनदा.

मग करायचं काय? दुकानात जाल तेव्हा एवढं सांगा. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड, जसं कॅसेटवर आहे तसं. डीइंटरलेस करू नका, साइझ वाढवू नका, फ्रेम रेटला हात लावू नका. फाइल डीव्ही किंवा एफएफव्ही१ सारख्या लॉसलेस स्वरूपात द्या. तेही जमत नसेल तर निदान पॅल डीव्हीडी द्या, ती फील्ड तशीच ठेवते. फील्डचा क्रम विचारून लिहून ठेवा (डीव्हीत खालच्या रेषा आधी, बाकी बहुतेक ठिकाणी वरच्या), कारण तो उलटा धरला की माणसं पुढे-मागे थरथरतात. दुकानदार गोंधळला तर दुसरं दुकान बघा. फाइल मिळाली की एखादा हलता हात शोधून फ्रेम थांबवा. कंगव्याचे दाते दिसले तर पैसे द्या, खुशाल टीप पण द्या.

मग घरी बसून त्याची बघण्याची प्रत करा. क्यूटीजीएमसी फुकट आहे, एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडीआयएफ तर एका शब्दाचं काम आहे. ५० फील्डची ५० पूर्ण चित्रं होतात, हालचाल लोण्यासारखी दिसते. ती काकू-मावशींना पाठवा. बिघडली तरी काही नाही, पुन्हा करता येते. मूळ दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर.

आणि हे या वर्षी करा. व्हीसीआर बनवणारी जगातली बहुधा शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमधे उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतली यंत्रं दरवर्षी कमी होणार, टेपा दरवर्षी खराब होणार. नवीन कोणी बनवणार नाहीये.

आपण ऑफिसात प्रॉडक्शन डेटाबेसला बॅकअपशिवाय हात लावत नाही. मायग्रेशन करताना जुना डेटा महिनोन् महिने ठेवतो, उलट फिरायची वाट आधी तपासतो. कोणी "कन्व्हर्ट झालंय, जुनं उडवू का?" विचारलं तर त्याला उभं-आडवं घेतो. आणि घरी येऊन आजोबांना ड्रॉप टेबल करतो.

असो. मित्र संध्याकाळी दुकानात जाऊन कॅसेट घेऊन आला. दुकानदाराने ती खोक्यात टाकली होती, पण खोकं अजून भंगारवाल्याकडे गेलं नव्हतं. या शनिवारी तो माझ्याकडे येतोय. व्हीसीआर मी एका ओळखीच्यांकडून मागून आणलाय, हेड साफ करून ठेवलंय. कॅसेटची टिकली मोडलेली आहे ना, ते आधी बघायला सांगितलंय.